सहा वर्षांचं पोर, दोन सॅका आणि डोंगरातली एक रात्र: मुक्काम आधी ठरवा, गड नंतर

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडचं चौकोनी कुटुंब. आईबाबा चाळिशीच्या अलीकडचे, मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. पर्वती आणि एकदोनदा सिंहगड, एवढाच डोंगराचा अनुभव. डिसेंबरातल्या एका शनिवारी पाठीवर सॅका टाकून हरिश्चंद्रगड गाठायचा, कोकणकड्यावर तंबू ठोकायचा आणि रविवारी रात्री घरी, असा बेत. सॅका घेऊनही झाल्यात. विचारलंय ते एवढंच, की वजन किती न्यावं, चालणं मुलांना झेपेल का, आणि 'पोरांना घेऊन रात्री डोंगरात कशाला मरायला जाता' हे आजीचं म्हणणं कितपत खरं.

आजीपासूनच सुरुवात करते. त्यांचं म्हणणं कोकणकड्यापुरतं बरोबर आहे, डोंगरापुरतं नाही. जरूर जा. मुलांची वयंही चांगली आहेत. सहा वर्षांचं मूल चालतं, ऐकतं आणि अजून कडेवर घेता येतं. दहा वर्षांची मुलगी तर तुमच्यापेक्षा चिवट निघेल. फक्त पहिल्या खेपेला हरिश्चंद्रगड नको.

हरिश्चंद्रगडाला पाचनई गावातून चढणारी वाट सोपी आहे हे मला मान्य आहे. वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही. पण पुण्याहून पाचनईपर्यंत गाडीतच चार-पाच तास जातात. पहाटे निघालात तरी चढायला उभे राहाल तेव्हा ऊन तापलेलं, मुलं वळणांनी मळमळलेली आणि तुम्ही स्वतः झोपमोड झालेले. मोठ्यांना दोन-अडीच तासांची असलेली ती वाट तुम्हाला चार तासांची होणार. मंदिरापाशी पोचलात की कोकणकडा आणखी पुढे. आणि तो कडा साधा उतार नाही. काठ पुढे आलेला, खालचा कातळ आत गेलेला, दरीतून वर येणारा वारा. तिथे जवळपास तंबू आहे, रात्रीचे दोन वाजलेत आणि सहा वर्षांच्या मुलाला शू लागलीय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. त्यातून शनिवारी तिथे तंबूंची गर्दी, स्पीकर, आरडाओरडा. मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला की जा, तेव्हा कोकणकडा त्याला कळेलही.

बहुतेक घरांत आधी गड ठरतो, तोही फोटो बघून, आणि मुक्कामाचं 'तिथे गेल्यावर बघू' होतं. एकट्यादुकट्याला हे चालतं. मुलं बरोबर असली की उलट करायचं. आधी तीन गोष्टी विचारायच्या. झोपायच्या जागी डोक्यावर छप्पर आहे का? पाणी हाकेच्या अंतरावर आहे का? रात्री पोराला सणकून ताप भरला तर गाडीपर्यंत पोचायला किती वेळ लागेल? तिन्हींची उत्तरं मनासारखी आली की मग आसपास कोणता गड, कोणतं पठार, किती चाल, हे बघायचं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या कुटुंबांना मी या चाळणीतून काढते, तेव्हा प्रसिद्ध नावं बरीचशी गळतात आणि रायरेश्वर मात्र वर उरतो. तुमच्यासाठीही मी तोच सुचवते.

रायरेश्वर भोर तालुक्यात आहे, कोथरूडपासून ८०-८५ किलोमीटर. सातारा रस्त्यानं कापूरहोळ, तिथून भोर, पुढे आंबवडे आणि कोर्ले. कोर्ल्यावरून रस्ता केंजळगड आणि रायरेश्वर यांच्या मधल्या खिंडीपर्यंत चढतो. शेवटचा भाग अरुंद आणि वळणांचा आहे, घाटात सवय नसलेल्यानं तिथे गाडी चालवायचा हट्ट करू नये. खिंडीतून वर गेलं की कातळात ठोकलेल्या लोखंडी शिड्या, आणि शिड्या संपल्या की एकदम सपाट. हेच त्याचं मर्म. चढ थोडा, पठार लांबलचक, आणि पठारावर माणसांची वस्ती. शिवमंदिराच्या परिसरात जंगम मंडळींची घरं आहेत, शेतं आहेत, हिवाळ्यात गहू उभा असतो. घरगुती जेवण आणि पडवीत अंथरूण टाकायला जागा मिळते. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास, आभाळ मोकळं, आणि तरी रात्री दार लावून झोपता येतं. १६४५ मध्ये शिवरायांनी स्वराज्याची शपथ इथे घेतली असं परंपरा सांगते. चौथीच्या इतिहासानंतर मुलीला हे ठिकाण नुसतं नाव राहत नाही.

मोठ्या माणसाला खिंडीतून मंदिर तासाच्या आत होतं. तुम्ही दोन तास धरा. शिड्यांपाशी मुलाच्या पाठीवरचं ओझं काढून घ्या. चढताना तो पुढे आणि मोठं माणूस लगेच मागे, उतरताना मोठं माणूस आधी खाली आणि मूल त्याच्या वर, तोंड शिडीकडे. शिडीवर फोटो नाही, हा नियम आईबाबांसाठीही आहे.

वर पोचल्यावर काय करायचं? मुलांच्या बाबतीत हा प्रश्न मोठ्यांनाच पडतो. पठारावर एका झऱ्याजवळ सात रंगांची माती दाखवतात. लाल, पिवळी, जांभळट, पांढुरकी असे ढेकळांचे थर दिसतात आणि मुलं त्यात रमतात. ती तिथेच राहू द्या, डबीत भरून आणायची नाही. संध्याकाळी वाईच्या बाजूच्या काठाकडे चाला, म्हणजे धोम धरणाचं पाणी, कमळगड आणि मागे महाबळेश्वर-पाचगणीची पठारं दिसतात. दुसऱ्या बाजूला राजगड-तोरणा ओळखायचा खेळ होतो. काठाजवळ लहान मुलाचा हात सुटता कामा नये. पठाराच्या पश्चिम टोकाच्या नाखिंदाची कीर्ती ऐकली असेल, पण तिथे जाऊन यायला मुलांसकट अख्खा दिवस जातो. या वेळी नाही. केंजळगडही समोरच आहे आणि त्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या बघण्यासारख्या आहेत. रविवारी सकाळी सगळे ताजेतवाने असले तरच तो, नाहीतर लांबूनच राम राम.

दुसरा पर्याय राजमाची. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायाशी उधेवाडी आहे, तिथे घरांत राहायची-जेवायची सोय होते. शिवाजीनगरहून लोकलनं लोणावळा, म्हणजे मुलांना आगगाडीचा आनंद वेगळा. पण लोणावळ्याहून उधेवाडी १५-१६ किलोमीटर, वाट बरीचशी सपाट असली तरी लांबच लांब. सहा वर्षांच्या मुलाला ती जाचते. कोरड्या दिवसांत जीपनं अंतर कमी करता येतं. कर्जतच्या बाजूनं कोंढाण्याच्या लेण्यांवरून येणारी वाट सुंदर, पण खडी. ती पुढच्या वर्षी.

राजगडाचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण कोणी ना कोणी सुचवीलच. पद्मावती माचीवरच्या मंदिरात मुक्काम करून आमच्या पिढीनं डोंगर शिकला. आता संरक्षित गडांवर रात्रीच्या मुक्कामाला पुरातत्त्व खात्याचे निर्बंध आले आहेत, आणि २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या १२ किल्ल्यांत गेल्यावर ते सैल होतील असं मानू नका. पायथ्याला राहा, पहाटे पाली दरवाजानं चढा, संध्याकाळी खाली. तो एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून उत्तम.

आता 'झेपेल का' याकडे येऊ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब दिला आणि तो सह्याद्रीतही चालतो: तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आतकरवाडीतून सिंहगड करून बघा. अंतर अडीच-पावणेतीन किलोमीटर, चढ दोन हजार फुटांच्या घरात, म्हणजे दीड तास. धडधाकट माणसाला तेवढाच लागतो. लहान मुलांसाठी उत्तराला दोननं गुणा. या दुपटीत पानं गोळा करणं, बकरीशी बोलणं, बुटात गेलेला खडा आणि 'मला आता चालायचंच नाहीये' हे सगळं बसतं. त्यातून जो वेळ येईल तो सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपला पाहिजे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मग अंधार झपकन पडतो, म्हणजे चारपर्यंत मुक्कामी.

'आलंच आता, एवढंच राहिलंय' असं मुलांना कधीही खोटं सांगू नका. दोनदा फसली की तिसऱ्यांदा ती बसतात, आणि बसलेलं पोर उचलावं लागतं. त्यापेक्षा 'त्या आंब्यापर्यंत चालू, मग खजूर' हे खरं आणि मोजता येण्यासारखं आहे. लहान मुलाला पुढे चालू द्या. मागे राहिलेलं मूल कायम दमलेलंच असतं, पुढे असलेलं 'लीडर' होतं. दोघांच्याही गळ्यात शिट्टी अडकवा आणि घरीच शिकवून ठेवा: आईबाबा दिसेनासे झाले की शोधायला निघायचं नाही, जवळच्या झाडापाशी उभं राहायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं. पठारावर गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटतात. मोठीसुद्धा त्या ढोरवाटांवर भरकटतात.

वजनाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण सुट्टी बिघडते ती इथे. मोठ्यांनी आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. बाबा ७० किलोचे असतील तर १४, आई ५५ची असेल तर ११. हा कमाल आकडा झाला, उद्दिष्ट नव्हे. सवय नसलेल्यांनी तीन-चार किलो खालीच थांबावं. मुलांसाठी दहावा हिस्सा, शाळेच्या दप्तराला २०२०च्या धोरणानं घातलेली मर्यादाही तेवढीच आहे. म्हणजे मुलाकडे दोन किलो, मुलीकडे तीन. मुलाच्या सॅकेत त्याची बाटली, स्वेटर, खाऊ आणि एक खेळणं. वजन नगण्य, पण 'माझी सॅक' ही गोष्ट नगण्य नाही. ती वाटेत तुमच्या गळ्यात येणार हे गृहीत धरा आणि तुमच्या सॅकेत तेवढी जागा ठेवा.

सामान घरी तोलायची सोय नसली तर स्वतः वजनकाट्यावर आधी रिकामे, मग सॅक घेऊन उभे राहा. पहिल्यांदा भरलेली सॅक हमखास तीन-चार किलो जास्त भरते. कुठे कापायचं? तंबू जाऊ दे, घरात झोपायचंय, इथेच तीन किलो गेले. 'असू दे' म्हणून घेतलेला कपड्यांचा दुसरा जोड मोठ्यांसाठी काढा, मुलांचा ठेवा. मुलांची पँट ओली किंवा चिखलाची होणारच. चार टॉवेलांऐवजी दोन पंचे. साबण, शॅम्पू, डिओडरंट सगळं घरी. पॉवर बँक एक पुरे. स्लीपिंग बॅगा विकत घेण्याआधी भाड्यानं आणा, पुण्यात सहज मिळतात. दोन रात्रींसाठी चार बॅगा घेऊन माळ्यावर टाकणारी घरं मी बरीच बघितलीत. यजमानांकडे गोधड्या आहेत का हे फोनवर आधी विचारलंत तर मुलांच्या बॅगाही वाचतील.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. अंथरूण तळाशी. लागणारं सामान, म्हणजे विजेरी, औषधं, खाऊ आणि मुलांचं जाकीट, वरच्या कप्प्यात. बाहेर काही लोंबकळवायचं नाही. कॅरीमॅट आडवी बांधली तर शिडीवर अडकते, उभी बांधा. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे, खांद्यांवर भार फक्त टेकलेला. पट्टा पोटावर बांधून खांदे दुखतात म्हणणारे निम्मे लोक असतात. आणि आतून एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावा, डिसेंबरातही दव भरपूर पडतं.

पायात काय, यावर पुण्यात वाटेल तेवढा खर्च करता येतो. गरज नाही. ॲक्शनचे 'ट्रेकिंग' किंवा 'हंटर' बूट घालून या डोंगरांत हयात घालवलेली माणसं आहेत, कारण त्यांचे सोल आपल्या कातळाला धरतात. मुलांना शाळेचे पांढरे कॅनव्हास बूट घालू नका, घसाऱ्यावर ते घसरगुंडी होतात. नवे बूट असतील तर आधी दोन आठवडे रोज घाला. टाचेला चरचरलं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर उपयोग नाही.

थंडीचं गणित जरा फसवं आहे. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्या हिशेबानं रायरेश्वर पुण्यापेक्षा पाचेक अंशांनी गार असायला हवा. पण डिसेंबरच्या शांत रात्री थंड हवा दरीत उतरून साचते, म्हणून पुण्यात पाषाणला कधीकधी डोंगरापेक्षा पारा खाली असतो. पठारावर काम करतो तो वारा. तेव्हा जाड स्वेटर एक घेण्यापेक्षा पातळ दोन आणि वर वारा अडवणारं जाकीट घ्या, कानटोपी चौघांनाही. मुलं घामानं भिजलेली असतील तर पोचल्याबरोबर आतला बनियन बदला. थंडी वाजून पोरं आजारी पडतात ती बहुधा या ओल्या बनियनमुळे.

जेवण यजमानांकडे सांगून ठेवा. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. मुलांसाठी तिखट कमी करायला आधीच सांगा, पानावर बसल्यावर नाही. तरी एका जेवणाचं आपलं सामान असावं: तांदूळ आणि मूगडाळ, त्यातच मीठ-हळद-जिरं मिसळलेलं, वर तुपाची डबी. मूगडाळच, तूरडाळ नाही. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं आणि कुकर नसेल तर तूर शिजता शिजत नाही. चूल यजमानांची वापरता येते, गॅसचा सिलिंडर कशाला वाहता? चालतानाचा खाऊ घरचा: तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, संत्री. चिप्स फुगून सॅकेत जागा खातात, तहान वाढवतात आणि त्यांची पाकिटं दर पावसाळ्यात मी झऱ्यातून काढते. (हा राग निघाला, असो.)

पाणी निघताना मोठ्यांकडे दोन-दोन लिटर, मुलांकडे अर्धा-अर्धा. वस्तीवर भरून घेता येईल. ते उकळून किंवा गाळून, क्लोरिनची गोळी टाकून. मुलं तहान लागली म्हणत नाहीत, चिडचिड करायला लागतात. ते ओळखा आणि दर अर्ध्या तासाला चार घोट पाजा. ओआरएसची पाकिटं ठेवा. संपलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, मोजून.

आता आजींच्या काळजीचं. त्यांना बिबट्याची भीती वाटत असेल, मला नाही. मला भीती वाटते ती काठावर पाठमोरं उभं राहून काढलेल्या फोटोची, अंधारात उतरण्याची, पाण्याची आणि आग्या माश्यांची. पावसाळ्यात मुलांना घेऊन पाण्याच्या वाटेला जायचं नाही, यावर माझी चर्चेला तयारी नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचंच कुटुंब वाहून गेलं. तुम्ही डिसेंबर निवडलात, हा निम्मा विमा झाला. आग्या मोहळं कड्यांना लोंबलेली असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा हे तिन्ही त्यांना डिवचतात. माश्या उठल्याच तर मुलांचं तोंड-डोकं कापडानं झाकून, हात न झाडता तिथून लांब निघायचं. काटे नखानं खरवडून लगेच काढायचे. आणि पठारावर वाळलेल्या गवतात शेकोटी नको. वणव्याला एक ठिणगी पुरते.

विंचवाबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. दगड उलथायचे नाहीत, सकाळी बूट आणि जाकीट झटकून घालायचं, हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते हे: लाल विंचू लहान मुलाला चावला तर दुखण्यापेक्षा पुढची लक्षणं महत्त्वाची. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं. यांतलं काही दिसलं की मंत्र-मुळी-कांदा न करता थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणात विंचूदंशानं जाणारी कित्येक मुलं वाचली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या हातून आणि वेळेत. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काहीही नाही. अवयव हलू न देता उचलून न्यायचं. रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीचा ११२ मुलीलाही पाठ असू द्या. खिंडीत गाडी उभी असावी असं मी म्हणते ते यासाठीच, नाहीतर स्वारगेट-भोर एसटीचा प्रवास मला जास्त आवडला असता. आई आणि दोन्ही मुलं अर्ध्या तिकिटात, बाबा तेवढे पूर्ण.

औषधांच्या डबीत फार काही नको: मुलांच्या वजनाप्रमाणे तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, गाडी लागण्याची गोळी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, चिमटा आणि घरात कोणाची रोजची औषधं असतील ती एक दिवस जास्तीची.

मुलींचा आणि आयांचा एक प्रश्न कोणी उघड विचारत नाही. शौचाचं काय? यजमानांकडे संडास आहे का हे फोनवर विचारायला लाजू नका. वाटेत वेळ आली तर पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा आणि वर माती. खुरपं न्या. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, डायपर हे जाड पिशवीत बंद करून परत पुण्यात. मुलांना हे घरी आधी समजावून ठेवा. उघड्यावर बसायची सवय नसलेलं मूल दिवसभर रोखून धरतं आणि रात्री पोट दुखतं म्हणून रडतं.

निघण्याआधीच्या रविवारी रंगीत तालीम करा. वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच, ८०० मीटरच्या आसपास, आणि तुमच्या दाराशी. चौघांनीही भरलेल्या सॅका घेऊन, तेच बूट घालून, सकाळी सातला चढायचं, खाणीपर्यंत जायचं, वर बसून घरचा डबा खायचा आणि उतरायचं. त्यात काय लागलं, काय काचलं, काय नुसतंच वाहिलं, हे कळेल. न वापरलेल्या वस्तूंतून औषधं आणि विजेरी वगळता बाकीचं काढून टाका.

प्रत्यक्ष शनिवारी घरून सहाला निघा. नाश्ता भोरच्या आधी, पण हलका. घाट पुढे आहे. दहा-साडेदहाला खिंड, साडेबारापर्यंत मंदिर, जेवण, मुलांना सावलीत तासभर आडवं करायचं, मग सात रंगांची माती आणि काठावरची संध्याकाळ. जेवणं सातला उरका. नऊला मुलं झोपलेली असतील, तुम्हीही झोपा. मोबाइलला रेंज धरसोड असते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. घरी आजीला लिहून द्या: कुठे, कोणाकडे, यजमानांचा फोन, गाडीचा नंबर, आणि रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. आजींची निम्मी काळजी या कागदानं जाते. पैसे रोख न्या, वर यूपीआयच्या भरवशावर राहून यजमानांना 'खाली गेल्यावर पाठवतो' म्हणणं वाईट. घासाघीस करू नका. त्यांनाही गॅस आणि किराणा शिड्यांवरून डोक्यावर वाहून आणावा लागतो.

रविवारी अकराच्या सुमाराला उतरायला लागा, म्हणजे शिड्यांवर वर येणाऱ्यांची रीघ लागायच्या आत तुम्ही खाली असाल. मुलं गाडीत बसता क्षणी झोपतील, त्यांना झोपू द्या. जेवायला भोरमध्ये थांबा. तीनच्या आत भोर सोडलंत तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर साताऱ्याकडून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेतून वाचाल. घरी गेल्यावर आंघोळीच्या आधी मुलांच्या मानेमागे, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड बघा, गुरं चरतात त्या पठारावर ती लागते. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायची, तेल-रॉकेल काही लावायचं नाही. सॅका रिकाम्या करून रात्रभर गॅलरीत उलट्या टांगा आणि भाड्याच्या स्लीपिंग बॅगा परत देण्याआधी ऊन दाखवा.